एकाच गावची दोन औषधं

आज लढाया बाजूला ठेवू आणि औषधांचा इतिहास पाहू. सुरुवात आपल्या बंगळुरूतूनच.

१९७८ मध्ये किरण मजुमदार यांनी कोरमंगलातल्या एका गॅरेजमध्ये बायोकॉन सुरू केली. तेव्हा तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवायचे. बुरशी वाढवायची आणि तिच्याकडून हवा तो पदार्थ काढून घ्यायचा, ही विद्या कंपनीने पुढे कमावली. २००१ साली लोव्हास्टॅटिन बनवण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. लोव्हास्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध. नंतर याच कंपनीने टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही अवयव प्रत्यारोपणाची औषधंही बनवली. दोन्ही घराणी सूक्ष्मजीवांच्या पोटातून आलेली. पण माणसाच्या शरीरात मात्र त्यांचं नातं फार सरळ नाही.

भारतात मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. परकं मूत्रपिंड शरीराने टिकू द्यावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते. त्या काळी हाताशी होती स्टेरॉइड्स आणि अझाथायोप्रिन. अझाथायोप्रिन रक्तातल्या चरबीच्या वाटेला फारसं जात नाही. स्टेरॉइड मात्र भूक, वजन, साखर आणि चरबी, सगळंच वाढवतं.

मग आलं सायक्लोस्पोरिन. नॉर्वेच्या एका पठारावरच्या मातीतली बुरशी स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत पोहोचली, १९७२ मध्ये तिचा गुण कळला आणि १९८३ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं. पण या औषधाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. सगळ्यांची नजर क्रिएटिनिनवर, आणि मूत्रपिंड ठणठणीत असलेला माणूस हृदयविकाराने जातोय, असं घडू लागलं. आघाडीवर पहारा चोख आणि पिछाडी मोकळी, आम्हा फौजी लोकांना हे चित्र नवं नाही.

ईस्टर बेटावरच्या मातीतून सिरोलिमस शोधणारे सुरेंद्रनाथ सेहगल हे मूळचे पंजाबातल्या खुशाबचे. कंपनीने काम गुंडाळलं तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता. १९९९ मध्ये त्यांच्या औषधाला मान्यता मिळाली. मूत्रपिंडाला ते सायक्लोस्पोरिनइतकं जाचत नाही, पण ट्रायग्लिसराइड्स वाढवण्यात या सगळ्यांत पुढे. टॅक्रोलिमस त्या मानाने सौम्य.

मग द्या की स्टॅटिन, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टरांनीही तेच केलं. लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, आणि वर्षभरातच हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचे स्नायू विरघळू लागल्याच्या नोंदी आल्या. सायक्लोस्पोरिन यकृताची दारं अडवतं. स्टॅटिन आत शिरत नाही, मोडत नाही, रक्तात कितीतरी पटींनी साचतं. मोडलेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने शेजाऱ्याची कोलेस्टेरॉलची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नये, ते याचसाठी.

उत्तर मिळालं ते गोळी निवडण्यात आणि मात्रा कमी ठेवण्यात. १९९५ मध्ये अमेरिकेत हृदय प्रत्यारोपणाच्या ९७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ९४ टक्के वर्षभरानंतर जिवंत होते, न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी २००३ मध्ये फ्लुव्हास्टॅटिनचा मोठा अभ्यास आला, २,१०२ जणांचा. एलडीएल ३२ टक्क्यांनी उतरलं. मुख्य कसोटीवर फरक ठाम दिसला नाही, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी झाले. तेव्हापासून प्रत्यारोपणानंतरच्या तपासण्यांत क्रिएटिनिनच्या जोडीला लिपिड प्रोफाइलचा कागद पक्का बसला.