रिकामे वाडे, न मिटलेले हिशेब

देशातल्या कुठल्याही जुन्या छावणीत बदली होऊन जा, पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी हमखास कळतात. कॅन्टीन कधी उघडतं, नळाला पाणी कधी येतं आणि भूत कुठल्या बंगल्यात राहतं. लॅन्सडाऊनला मुंडकं नसलेला गोरा घोडेस्वार रात्री फिरतो आणि डुलक्या काढणाऱ्या संत्र्याला जागा करतो, असं तिथली पोरं सांगतात. इतर छावण्यांत कुठे मेमसाहेब असते, कुठे नुसताच बुटांचा आवाज. तपशील बदलतात, पण घर मात्र नेहमी एकाच जातीचं. मोठं, जुनं आणि मालक निघून गेलेलं.

सिग्नलमध्ये नोकरी केल्यामुळे माझ्या तुकडीत पंजाबी, मल्याळी, बंगाली, गढवाली, आसामी सगळे एकत्र असत. करमणुकीच्या खोलीत कुठला सिनेमा लावायचा यावर रोज भांडण. मल्याळी पोरांना मोहनलाल हवा, पंजाब्यांना मारामारी हवी, बंगाल्याला कशातच राम वाटत नसे. भुताच्या सिनेमावर मात्र सगळ्यांचं एकमत. ज्यांना खऱ्या गोळीची सवय आहे ते लोक रबरी मुखवट्याच्या राक्षसाला पाहून उशी छातीशी धरतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. त्या रात्री ड्यूटीवर जोडीनं जायलाही कोणाची हरकत नसे. हे असं का होतं, याचं उत्तर शोधताना आपल्या भयपटांचा इतिहास वाचत गेलो. त्यातून जे दिसलं ते आज मांडतो.

सुरुवात १९४९ पासून करू. बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ त्या वर्षी आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संकलक बिमल रॉय, कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाच्या हातात. विर्शिंगला महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रजांनी नजरकैदेत ठेवलं होतं. सावल्या कशा वापरायच्या हे त्याच्याकडून शिकावं. अशोककुमार एका ओसाड महालात राहायला येतो आणि भिंतीवर स्वतःच्याच चेहऱ्याची तसबीर पाहतो. मग झोपाळा, नदी, दूरवरून येणारा गाण्याचा आवाज. त्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचंच. आवाज लता मंगेशकर यांचा होता, हे लोकांना नंतर कळलं. शेवटी मधुबाला भूत नसते, माळ्याची मुलगी असते. पण प्रेक्षकाच्या मनात राहतो तो महालच.

आता तारीख पाहा. फाळणीला दोनच वर्षं झाली होती. उत्तर हिंदुस्थानातल्या कित्येक शहरांत कुलूप लावलेली घरं उभी होती. घरातली माणसं सीमेपलीकडे गेलेली आणि पलीकडून आलेली माणसं त्याच घरांत बिऱ्हाड मांडत होती. सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी सरकारला १९५० मध्ये खास कायदा करावा लागला. त्याच वर्षीचा उत्तर प्रदेशाचा जमीनदारी निर्मूलन कायदा १९५२ पासून अमलात आला. म्हणजे एका पिढीनं डोळ्यांदेखत हवेल्या रिकाम्या होताना पाहिल्या. आपण कोणाच्या तरी घरात राहतो आहोत आणि ते लोक कधीतरी परत येतील, ही भीती सिनेमावाल्यांनी शोधून काढायची गरज नव्हती. ती समोरच होती.

बिमल रॉय यांनी पुढे १९५८ मध्ये ‘मधुमती’ काढला. कथा ऋत्विक घटक यांची. दोघेही मूळचे ढाक्याकडचे, म्हणजे दोघांचंही गाव फाळणीत परदेशात गेलेलं. पावसाळी रात्री एक प्रवासी पडक्या हवेलीत शिरतो आणि आपण इथे आधी राहिलो होतो हे त्याला आठवू लागतं. राजा उग्रनारायणच्या पापाचा कबुलीजबाब मिळवायला जी येते ती सोंग घेतलेली मुलगी नसते, खुद्द मधुमतीच असते. पोलिसांपुढे जे सिद्ध झालं नसतं ते मेलेल्या बाईनं वदवून घेतलं. माझ्या मते आपल्या भयपटाचा पाया इथे पडला. आपल्याकडच्या भुताला रक्तापेक्षा साक्ष देण्यात जास्त रस असतो.

साठच्या दशकात हीच वाट रुंद झाली. ‘बीस साल बाद’ १९६२ चा. मूळ सांगाडा कॉनन डॉयलच्या कुत्र्याच्या गोष्टीचा, पण आपल्या मातीत येताच तिथे एक ठाकूर घराणं आलं आणि गावातल्या मुलीवर झालेल्या अत्याचाराचा सूड आला. १९६४ मध्ये ‘वो कौन थी?’ आणि ‘कोहरा’. यातल्या बहुतेक चित्रपटांत भुतामागे शेवटी माणूसच निघतो, आणि त्या माणसाला बहुधा इस्टेट हवी असते किंवा जुना हिशेब चुकता करायचा असतो.

बंगालमध्ये तपन सिन्हांनी १९६० मध्ये रवींद्रनाथांच्या कथेवर ‘क्षुधित पाषाण’ केला. सौमित्र चॅटर्जी नायक, संगीत अली अकबर खाँसाहेबांचं. या कथेचं घर गुजरातेत आहे. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे असताना, १८७८ मध्ये, अहमदाबादला थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. सत्येंद्रनाथ म्हणजे आयसीएस झालेले पहिले भारतीय. ते तिथे न्यायाधीश होते आणि त्यांना राहायला मिळाला होता शाहीबागेतला मोगल काळचा महाल. कलकत्त्यातल्या मुलाला तिथे पहिल्यांदा इतिहास थांबून राहिलेला दिसला. सरकारी नोकर, परक्याचा महाल आणि रात्री जागी होणारी दालनं. ज्यानं जुन्या छावणीत सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला आहे त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

केरळची गोष्ट मला तुकडीतल्या मल्याळी पोरांनी शिकवली. ओसाड घर दिसलं की ते म्हणत, ‘भार्गवी निलयम’. मला वाटलं गावाचं नाव असेल. तो १९६४ चा चित्रपट निघाला. लेखन वैकोम मुहम्मद बशीर यांचं, दिग्दर्शन ए. व्हिन्सेंट यांचं. चित्रपटाचं नाव भाषेत सामान्यनाम होऊन बसलं. त्यात एक लेखक भाड्याच्या घरात येतो, तिथल्या मेलेल्या मुलीशी मोकळेपणी बोलतो, घर वापरू दे म्हणून तिची परवानगी मागतो आणि तिची गोष्ट लिहायला घेतो. लिहिता लिहिता कळतं की लोक जिला आत्महत्या म्हणत होते तो खून होता. मंत्र नाही, तंत्र नाही. मेलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणं हाच तिथला उतारा.

केरळमध्ये एकत्र कुटुंबपद्धती रद्द करणारा कायदा १९७५ मध्ये झाला आणि मोठ्या तरवाड घरांच्या वाटण्या झाल्या. पुढे १९९३ मध्ये फाझिलचा ‘मणिचित्रताळ’ आला. जुनं तरवाड, कुलूपबंद खोली आणि कारणवरानं मारलेली नर्तकी नागवल्ली. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’, तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’, हिंदीत ‘भूल भुलैया’ असे त्याचे अवतार निघाले. मूळ चित्रपटात मानसोपचारतज्ज्ञ आणि तांत्रिक एकमेकांना मूर्ख ठरवत नाहीत, एकत्र काम करतात. गंगाला आजार आहे हे डॉक्टर जाणतो. पण जुन्या खुनाचा हिशेब तिच्या मनापुरता तरी पुरा झाल्याशिवाय ती बरी होणार नाही, हेही तो जाणतो.

आता ज्यांच्या कॅसेटसाठी आमच्या खोलीत रांग लागायची त्या रामसे बंधूंकडे वळू. यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी, कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे. फाळणीनंतर मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटलं. परत तीच फाळणी! १९७० मध्ये त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला लोक घाबरतात आणि त्यासाठीच येतात, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. त्यावरून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला, तोही आपल्या महाबळेश्वरच्या परिसरात. सात भाऊ म्हणजे फौजेतलं एक सेक्शनच. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, अर्जुन संकलनावर, केशू निर्मिती सांभाळणार. घरच्या बाया स्वयंपाकाला. खर्च कमी, मुक्काम सरकारी विश्रामगृहात.

१९८४ च्या ‘पुराना मंदिर’नं त्यांचं नाव गावोगाव नेलं. त्यातला सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, शिक्षणानं इंजिनियर. शहरी समीक्षकांनी या चित्रपटांची टिंगल केली आणि ती काही अंशी बरोबरही आहे. भुतापेक्षा न्हाणीघराचे प्रसंग जास्त, विनोद पांचट. तरी कथेचा कणा पाहा. राजानं सैतानाचं मुंडकं उडवलं, त्यानं शाप दिला, आणि पिढ्यान्पिढ्या त्या घरातल्या बायका बाळंतपणात मरतात. राजाच्या कर्माची किंमत सुना आणि लेकी मोजतात. खेड्यातल्या प्रेक्षकाला हे खोटं वाटलं नाही.

पुढे हवेल्या पडल्या, त्यांची हॉटेलं झाली. भूत फ्लॅटमध्ये आलं. राम गोपाल वर्मांच्या २००३ च्या ‘भूत’मध्ये एकही गाणं नाही. उंच इमारत, लिफ्ट आणि आधीच्या भाडेकरणीचा संशयास्पद मृत्यू. २००९ च्या ‘१३बी’त कर्ज काढून घेतलेलं नवं घर आहे. निवृत्तीचे पैसे बिल्डरकडे भरलेल्यांनी तो जपून पाहावा.

आणि मग २०१८ चा ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, तर गावाचं नाव वाचताच श्री. ना. पेंडशांची कादंबरी आठवते. १९१८ ते १९४७ हा काळ, धो धो पाऊस, वाडा आणि पोटच्या पोराला वारशात दिलेली हाव. देश स्वतंत्र होतो तेव्हा सरकार वाडा ताब्यात घेणार म्हणून बापलेकांची घाई होते. पहिल्या खेपेला थिएटरात बेताचीच गर्दी होती. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली.

एवढं सगळं पाहिल्यावर एक गोष्ट मला फौजी म्हणून खटकते. आमच्याकडेही मेलेली माणसं आहेत, पण ती अशी नाहीत. नाथू लाच्या वाटेवर बाबा हरभजनसिंग यांचं मंदिर आहे. १९६८ मध्ये गेलेले शिपाई. आजही त्यांचा बिछाना घातला जातो, बुटांना पॉलिश होतं. कित्येक वर्षं त्यांच्या नावानं सुट्टी मंजूर होऊन गाडीत जागा राखली जात असे. तवांगच्या वाटेवर जसवंतगढ आहे, १९६२ च्या नूरानांगच्या लढाईत महावीरचक्र मिळवणाऱ्या जसवंतसिंग रावत यांचं. तिथेही तसंच. ही श्रद्धा आहे, पुरावा मागू नये. आमच्या एका गढवाली सुभेदारसाहेबांना मी विचारलं होतं, “साहेब, तिथे रात्री भीती नाही वाटत?” ते म्हणाले, “अपने आदमी से कैसा डर?”

फरक तिथेच आहे. ज्याचं नाव घेतलं, ज्याला मान दिला, ज्याचा बिछाना घातला, तो मेलेला माणूस पहारा देतो. ज्याला गुपचूप पुरलं, ज्याची जमीन खाल्ली, ज्याचा खून आत्महत्या म्हणून नोंदवला, तो सिनेमात भूत होऊन येतो. वर्दीतलं भूत हिंदी पडद्यावर फार थोडं दिसतं. २०२० च्या ‘बेताल’ मालिकेत ते दिसलं तेव्हा तेही लाल कोटातल्या कंपनी सरकारच्या पलटणीचं होतं. तेसुद्धा हिशेब न मिटलेलंच.

म्हणून हा प्रकार मरत नाही. कोर्टात तारखा पडतात, साक्षीदार फिरतात, मेलेला बोलत नाही. सिनेमात तो बोलतो. तीन तासांत का होईना, निकाल लागतो.

पण आसामात असताना या गोष्टीची दुसरी बाजूही कळली. तिथे आणि झारखंडात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारलं जातं. बहुतेक वेळा ती विधवा असते, एकटी असते आणि तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. बिरुबाला राभा या खेड्यातल्या बाईनं त्याविरुद्ध आयुष्य घातलं. आसाम विधानसभेनं २०१५ मध्ये कायदा केला, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, आणि तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर आला.

पडद्यावर लुबाडलेली बाई भूत होऊन आपली जमीन परत मागते. गावात जमीन लुबाडायची म्हणून जिवंत बाईला भूत ठरवतात. सिनेमा खुशाल पाहावा, उशी छातीशी धरून पाहावा. पण दिवे लागल्यावर गावात कोणी कोणा बाईकडे बोट दाखवून डाकीण म्हणालं, तर आधी सातबारा कोणाच्या नावावर आहे ते विचारावं.