ऑइनोआंडाची भिंत आणि एपिक्यूरसचा वाचक

‘सुखवादी’ या एका विशेषणात एपिक्यूरसची बोळवण करण्याची प्रथा जुनी आहे. वस्तुतः इ. स. पू. ३०६च्या सुमारास अथेन्समधील बागेत त्याने जो पंथ उभा केला, त्यात सुखाचा अर्थ देहाला वेदना नसणे आणि मनाला अस्वस्थता नसणे एवढाच होता. मेनिसियसला लिहिलेल्या पत्रात चैनीचा अर्थ त्याने स्वतःच नाकारला आहे. हा गैरसमज दूर करणे फारसे कठीण नाही. खरा पेच निराळाच आहे. लोकांच्या नजरेआड जगावे, राजकारणात पडू नये, असे सांगणाऱ्या विचाराने वाचक कोठे शोधावा? प्लूटार्कने या उपदेशावर स्वतंत्र टीकालेख लिहिला आणि नेमके येथेच बोट ठेवले: ज्याला खरोखर अज्ञात राहायचे होते, त्याने हे सांगितलेच कशाला?

या आक्षेपाचे सर्वांत विलक्षण उत्तर लिशियातील (आजचे नैर्ऋत्य तुर्कस्तान) ऑइनोआंडा या डोंगरी नगरात मिळते. इ. स.च्या दुसऱ्या शतकात तेथील डायोजिनिस नावाच्या नागरिकाने एका सार्वजनिक स्तंभमंडपाच्या भिंतीवर एपिक्यूरसचे तत्त्वज्ञान कोरविले. (पिंपात राहणारा तो डायोजिनिस हा नव्हे, एपिक्यूरसची पत्रे जतन करणारा चरित्रकारही हा नव्हे.) मूळ लेख सुमारे पंचवीस हजार शब्दांचा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८८४ साली फ्रेंच संशोधकांना त्याचे पहिले तुकडे सापडले. १९६८पासून मार्टिन फर्ग्युसन स्मिथ यांनी त्यांत मोठी भर घातली.

लेखाची मांडणी पाहण्याजोगी आहे. खालच्या थरात नीतिविचार, त्यावर निसर्गविचार आणि उंचावर वार्धक्यावरील प्रकरण. वरची अक्षरे बरीच मोठी, खालून वाचता यावीत अशी. नीतिविचाराच्या स्तंभांखालून एपिक्यूरसची वचने एका सलग ओळीत धावतात. ती वाचायची तर भिंतीच्या कडेने चालतच जावे लागे. ग्रंथ हातात धरणाऱ्या शिष्याऐवजी येथे वाटसरू गृहीत धरला आहे. डायोजिनिस सांगतो की आपले आयुष्य मावळतीला आले आहे, आणि खोट्या समजुतींची बाधा साथीच्या रोगासारखी माणसामाणसांत पसरत आहे. एकेकाला गाठून औषध देणे अशक्य, म्हणून ही भिंत. अजून न जन्मलेल्यांना आणि परक्यांनाही तो आपले मानतो.

यात श्रीमंताची कीर्तिलालसा नव्हतीच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. याच नगरात इ. स. १२४ मध्ये डेमॉस्थेनिस नावाच्या धनिकाने स्वतःच्या नावाचा संगीत-काव्यस्पर्धांचा उत्सव सुरू केला, आणि त्याचा सविस्तर शिलालेखही उपलब्ध आहे. दान करावे आणि ते दगडावर नोंदवावे, ही त्या काळच्या नगरजीवनाची रूढ भाषा होती. डायोजिनिसने ती भाषा उचलली. मात्र देणगी म्हणून त्याने देवाची व मृत्यूची भीती घालविणारे युक्तिवाद दिले. बागेच्या कुंपणाआड राहिलेला विचार चव्हाट्यावर आणताना पंथाचा एक नियम मोडला, हे खरे. पण मैत्रीला सर्वोच्च मानणाऱ्या त्याच पंथाचा दुसरा नियम त्याने वाटसरूपर्यंत ताणला.

पुढे ती भिंत पाडली गेली आणि तिचे दगड नंतरच्या बांधकामांत बसविले गेले. लेखाचा बराच मोठा भाग अद्याप मिळालेला नाही.