आणेवारीतला आणा आणि दोरीतले पीक

पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरची जमीन १८३० च्या सुमारास एका मोठ्या प्रयोगाखाली आली. प्रयोग करणारा अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेला होता. शेतसारा हा पिकाच्या एकूण उत्पन्नावर नको, लागवडीचा सगळा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर हवा, हे त्याने तिथे शिकलेले तत्त्व. त्यानुसार त्याने प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे पीक, बैलांचा खर्च, बी, मजुरी यांचे आकडे गावोगाव गोळा करवले आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवला. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. पण ते चालवायला लागणारे आकडे कोणाकडेच नव्हते. ते गावचे कारकून सांगतील तसे लिहिले गेले आणि त्यांच्यावर अपूर्णांकांचे बारीक हिशेब चढवले गेले. काही वर्षांतच इंदापुरात शेते ओस पडू लागली आणि माणसे गाव सोडून जाऊ लागली. आकडेवारीची पद्धत चुकते म्हणजे नेमके काय चुकते, हे महाराष्ट्रात इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे दिसले होते. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे पिकाचे माप काढण्याच्या आपल्या इतिहासात तोच प्रश्न रूप बदलून येत राहिला. पद्धत मुळात बरोबर की चूक, हा त्यातला खरा प्रश्न नव्हे. ती कोणत्या प्रश्नासाठी आखली आणि कोणत्या प्रश्नावर वापरली, तिथेच सगळा घोळ होत आला आहे.

प्रिंगलनंतर १८३५-३६ पासून इंदापुरातच गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी पद्धत बसवली, ती वरवर पाहता कमी शास्त्रीय होती. निव्वळ उत्पन्न किती, हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. त्यांनी एवढेच विचारले की या जमिनीपेक्षा ती जमीन किती सरस किंवा निरस. माती तीन जातींत वाटली: बारीक पोताची काळी, तिच्याहून भरड अशी बहुधा तांबडी, आणि खडेमिश्रित भुरकट. मग खोली पाहायची. पावणेदोन हात खोल काळी म्हणजे सोळा आणे, आणि खोली पाव हाताने कमी होत गेली की प्रत खाली. शेताचा कच्चा नकाशा चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीत खोली आणि दोषांच्या खुणा मांडायच्या: चुनखड, वाळूचे मिश्रण, उतार, पाण्याने वाहून जाणारी जागा. एक दोष सापडला की एक प्रत खाली. १८४७ च्या संयुक्त अहवालात या नियमांना कायमचे रूप आले आणि मुंबई इलाख्याची प्रतबंदी त्यांवर उभी राहिली. यातला आणा वजन सांगत नव्हता, क्रम सांगत होता. तालुक्याचा एकूण सारा आधीच ठरलेला असे, आणि तो शेताशेतांवर वाटण्यासाठी क्रम पुरेसा होता. माणसाची नजर क्रम लावण्यात तरबेज असते. दोन शेतांतली चांगली कोणती, हे अनुभवी शेतकरी बांधावरून सांगतो आणि सहसा चुकत नाही. विंगेटची पद्धत टिकली ती यामुळे, असे मला वाटते. नजरेला जे जमते तेवढेच तिने नजरेकडून मागितले.

पुढे हाच आणा दुसऱ्या कामाला लावला गेला. यंदाचे उभे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे, हे गावकामगाराने नजरेने ठरवायचे, ही आणेवारी. त्यावर सरकारने दोन मोठे निर्णय टांगले. पहिला निर्णय साऱ्याच्या तहकुबीचा होता, आणि पीक चार आण्यांच्या खाली गेले की त्या वर्षीची वसुली पूर्ण थांबवायची असा नियम होता. दुसरा निर्णय उत्पादनाच्या आकड्याचा. पेरणीचे क्षेत्र, गुणिले एकरी सर्वसाधारण उत्पन्न, गुणिले आणे, की झाले प्रांताचे उत्पादन. हा गुणाकारच चुकीचा होता. क्रम सांगणारा आकडा इथे वजनाला गुणला जात होता, जणू आठ आण्यांचे पीक सोळा आण्यांच्या पिकाच्या नेमके निम्मे भरते. शिवाय सोळा आणे कशाचे, यावर एकमत नव्हते. कुठे सोळा आणे म्हणजे सरासरी वर्षाचे पीक, तर कुठे बारा आणेच सरासरीचे आणि सोळा म्हणजे भरघोस. नजरेचा स्वभावही आड येई. वाईट वर्षी ती पिकाला थोडे झुकते माप देते आणि चांगल्या वर्षी हात आखडते, म्हणून सगळे आकडे मधल्या कुठल्यातरी ओळखीच्या आण्याभोवती गोळा होतात. दुष्काळ आणि सुकाळ कागदावर एकमेकांच्या जवळ सरकतात. ज्या कामासाठी आकडा हवा, नेमके तिथेच तो बोथट होतो.

१९१८ चा खेडा सत्याग्रह या बोथटपणातूनच उभा राहिला. गुजरातचा तो जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि नियम तोच होता. शेतकऱ्यांचे म्हणणे पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकारी कागद म्हणत चाराच्या वर आहे. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीतर्फे गोपाळ कृष्ण देवधरांसारख्या कार्यकर्त्यांनी जाऊन चौकशी केली. गांधी आणि वल्लभभाई गावे फिरले, लोकांकडून आकडे घेतले आणि निष्पक्ष पंच नेमण्याची मागणी केली. सरकारने ती फेटाळली. या लढ्याकडे आपण नैतिक धैर्याचा लढा म्हणून पाहतो, आणि तो तसा होताच. पण वाद सुटेना याचे आणखी एक साधे कारण होते. पडताळून पाहता येईल असे काही दोन्ही बाजूंच्या हातात नव्हते. एका नजरेसमोर दुसरी नजर उभी होती. आणा ठरवणाऱ्याच्या मागे सारा वसूल करणारे खाते, आणि आणा सोसणाऱ्याच्या मागे त्याचे घरदार. असा आकडा कितीही प्रामाणिकपणे लिहिला तरी दुसऱ्या बाजूने तो मानण्याचे कारण उरत नाही.

यातून बाहेर पडायची वाट म्हणजे थोडे पीक प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून पाहणे. पीक कापून पाहण्याची चाल सरकारात आधीही होती, पण शेत निवडायचा अधिकारीच. सर्वसाधारण दिसणारे शेत निवडा, असा हुकूम असे, आणि नजर कापणीतून गेली तरी निवडीतून परत येई. बिहार-ओरिसात १९२३ ते १९२५ या काळात जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने भातासाठी निवड नशिबावर सोडली आणि १९२७ मध्ये त्याचा अहवाल छापला. जागा माणसाने पसंत करायची नाही, योगायोगाने पडेल तिथेच कापायचे. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी या कामाचे मोल मोकळेपणाने मान्य केले. गावच्या जाणत्या माणसाला मात्र हे पटणे अवघड होते. चिठ्ठी टाकून एखादे खडकाळ शेत आले तर सगळ्या तालुक्याला त्याचेच माप लावायचे का? आक्षेप रास्त आहे, पण तो एकाच शेतापुरता. शंभर चिठ्ठ्यांत खडकाळ शेते साधारण त्यांच्या खऱ्या हिश्श्याइतकीच येतात. शिवाय चूक किती असू शकते हेही त्याच शंभर आकड्यांवरून काढता येते. पसंतीने निवडलेल्या शंभर शेतांवरून ते कधीच काढता येत नाही. जाणत्या माणसाचे ज्ञान टाकून द्यायचे नसते. तालुक्याचे विभाग पाडताना, कोरडवाहू-बागायत वेगळे करताना ते वापरायचे, आणि विभागाच्या आत मात्र निवड नशिबावर सोडायची. संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी १९३४ मध्ये याचीच गणिती मांडणी केली, आणि त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत होते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे १९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. विनायक गोविंद पानसे कापसावरच्या कामातून पुढे आलेले होते, आणि त्यांनी रामचंद्र कळमकरांसह मध्य प्रांत-वऱ्हाडात कापसाच्या पाहण्या हाती घेतल्या होत्या. तिकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने बंगालच्या तागाच्या पाहण्यांतून मोठे नाव मिळवले होते. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली, आणि प्रांतात तांदूळ नेमका किती होता याचा भरवशाचा आकडा सरकारजवळ नव्हता हे उघड झाले. रेशनिंग आणि धान्यवसुली चालवायला दरसाल उत्पादनाचा आकडा लागणार होता. या गरजेच्या तोंडावर दोन पद्धती समोरासमोर आल्या, आणि वाद वरून अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीवर आला: शेतातला किती मोठा तुकडा कापायचा?

महालनोबिसांची मंडळी लहान वर्तुळे कापत, दोन फूट किंवा चार फूट त्रिज्येची. मधोमध खुंटी ठोकायची, तिच्याभोवती मापाचा दांडा फिरवायचा, आत येईल ते कापायचे. काम झटपट होते, म्हणून तेवढ्याच खर्चात कितीतरी जास्त शेते गाठता येतात, आणि शेते जास्त म्हणजे योगायोगाची चूक कमी. हे गणित बिनचूक आहे. सुखात्मे-पानसे यांचा तुकडा मोठा, दोरीने आखलेला, ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे नेमका एकराचा ऐंशीवा भाग. आता विळा घेऊन वाकलेल्या माणसाच्या हाताकडे पाहा. हद्दीवर गव्हाचा फुटवा आहे, बुंधा दोरीखाली, ओंब्या आत झुकलेल्या. तो आत की बाहेर? कापणारा बहुधा आत धरतो. त्यात लबाडी नसते, हातात आलेले सोडू नये एवढीच त्यामागची सवय. समजा या सवयीने हद्द एक इंच बाहेर सरकते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट, तेव्हा त्या एका इंचाने पीक आठ टक्क्यांहून जास्त फुगते. ३३ बाय साडेसोळाच्या तुकड्यात तोच इंच दीड टक्काच वाढवतो. सुखात्म्यांनी मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर एकाच वेळी निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून हे तपासले, ३३ फूट बाजूच्या त्रिकोणापासून दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळापर्यंत. तुकडा लहान होत गेला तसे एकरी उत्पन्न वाढत गेले, आणि सर्वांत लहान वर्तुळात ही वाढ चाळीस टक्क्यांच्या घरात पोचली. हजार वर्तुळे कापली तरी ही चूक घटत नाही, कारण ती प्रत्येक वर्तुळात एकाच दिशेने होते. सरासरी काढून जाते ती इकडे-तिकडे विखुरलेली चूक. एका बाजूला कललेली चूक सरासरीत जशीच्या तशी राहते, आणि आकडे पुष्कळ असल्यामुळे उलट अधिक खात्रीची भासते.

महालनोबिसांची बाजू इथेच संपत नाही. फार लहान तुकडे फुगवून सांगतात हे त्यांच्याही पाहण्यांत दिसले होते आणि त्यांनी ते मान्य केले होते. त्यांचा खरा आक्षेप दुसरा होता. सुखात्मे-पानसे हे काम महसूल आणि शेतीखात्याच्या कामगारांकडूनच करवून घेणार होते, आणि ज्यांची आणेवारी अविश्वसनीय ठरली त्यांच्याच हाती दोरी देणे महालनोबिसांना मान्य नव्हते. स्वतंत्र, शिकवलेली माणसे हवीत, आणि एकच क्षेत्र दोन पथकांनी वेगवेगळे मापून आकडे एकमेकांशी ताडून पाहायला हवेत, हा त्यांचा आग्रह. हा आग्रह चुकीचा नव्हता. पण पद्धत निवडताना ती कोण चालवणार हेही पद्धतीतच धरावे लागते, आणि लाखो खेड्यांच्या देशात पिकाच्या कापणीच्या दिवशी शेतावर हजर असणारा माणूस गावचाच असतो. मोठ्या तुकड्याचा एक गुण इथे कामी येतो. तो शेतकऱ्याच्या नेहमीच्या कापणीसारखाच असतो. दोरी ताणलेली सगळ्यांना दिसते, मळणी-उफणणी सगळ्यांसमोर होते, तराजूही सगळ्यांसमोर. खेडा सत्याग्रहाच्या वेळी नसलेली पडताळणी इथे पद्धतीतच बसवलेली आहे. म्हणून सुखात्मे-पानसे यांची निवड मला योग्य वाटते. देशाने तीच स्वीकारली. पुढे महालनोबिसांच्या वळणाच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे धान्याचे अंदाज सरकारी अंदाजांपेक्षा जास्त येत राहिले, वाद बराच काळ चालला, आणि अखेर सरकारी कापणी प्रयोगांचेच आकडे ग्राह्य धरले गेले.

१९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रात ती आजही जाहीर होते, आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि आकडा पन्नास पैशांच्या कोणत्या बाजूला पडतो याकडे गावेच्या गावे डोळे लावून बसतात. पीक कापणी प्रयोगाचा तुकडा आता बहुतेक पिकांना १० मीटर बाय ५ मीटर. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्यांनी सांगितलेली पावले मोजायची, चार खुंट्या, दोरी, आणि बुंधा दोरीच्या आत असेल तेच रोप कापायचे. पण ही पद्धत जिल्ह्याचे उत्पन्न सांगण्यासाठी आखली गेली होती. पीकविम्याने तिला महसूल मंडळापर्यंत खाली उतरवले. समजा शेताशेतांतला फरक सरासरीच्या निम्म्याइतका आहे. जिल्ह्यात शंभर प्रयोग झाले तर सरासरीची चूक पाच टक्क्यांच्या आसपास राहते, मंडळात दहाच झाले तर ती सोळा टक्क्यांवर जाते. आणि या वेळी दोरीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा हितसंबंध उभे आहेत. उत्पन्न कमी निघाले तर भरपाई मिळणारा शेतकरी एकीकडे, ती देणारी कंपनी दुसरीकडे, आणि मधे खुंट्या ठोकणारा तोच गावकामगार. हद्दीवरचा फुटवा आत धरायचा की बाहेर, यावर आता पैसे अवलंबून आहेत, आणि सुखात्म्यांनी दीड टक्क्यावर आणून ठेवलेला तो एक इंच कोणत्या दिशेला सरकेल हे आधी सांगता येत नाही.