एकास बहात्तर

जगात छंद दोन प्रकारचे असतात. एक, जे सांगितल्यावर समोरचा माणूस आपल्याकडे कौतुकानं बघतो. आणि दुसरे, जे सांगितल्यावर तो आपल्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतो. गाणं, बुद्धिबळ, झालंच तर गिर्यारोहण, हे पहिल्या प्रकारात. माझा छंद दुसऱ्या प्रकारात मोडतो. मी विमानं, जहाजं आणि आगगाड्या बनवतो. अर्थात लहान. पण अंदाजे लहान नव्हे, मोजून लहान. बी.कॉम. झालेल्या आणि वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला अंदाजे काही करता येत नाही.

खेळणं आणि मॉडेल यांत फरक असतो तो एवढाच. खेळण्यातल्या विमानाचे पंख दुकानदाराच्या मर्जीप्रमाणे असतात. मॉडेलचे पंख खऱ्या विमानाला बांधलेले असतात. विमानांच्या मॉडेलात एकास बहात्तर हे प्रमाण फार लोकप्रिय आहे. त्याचं गणित इंग्रजी मापांचं आहे: सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंच उंच होतो. आगगाडीवाल्यांचं आवडतं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. ही भाषा घरात कुणाला कळत नाही, पण मला ती नवी नाही. ताळेबंद म्हणजे तरी काय? अख्खा कारखाना, त्याची धुराडी, संप आणि मालकाची झोप एका पानावर मावेल एवढी लहान केलेली असते. फक्त त्याला गोंद लागत नाही.

आता हे किट प्रकरण मुळात आलं कुठून? १९३९ साली लंडनमध्ये निकोलस कोव्ह नावाच्या एका हंगेरियन गृहस्थानं ‘एअरफिक्स’ नावाची कंपनी काढली. सुरुवातीला ती हवा भरून फुगवायची रबरी खेळणी बनवायची. पुढे कंगवे बनवायला लागली. कंगव्यावरून विमानावर ती कशी गेली, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी आहे. १९४९ साली फर्ग्युसन कंपनीच्या विक्रेत्यांना वाटण्यासाठी तिनं ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती तयार केली. पुढे तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकायला काढला. म्हणजे भाग जोडायची मजुरी वाचली, आणि ती मजुरी गिऱ्हाईक हौसेनं, वर पैसे मोजून करायला लागलं! १९५२ साली ड्रेकचं ‘गोल्डन हाइंड’ जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगला विकलं गेलं आणि घरोघरी गोंद सांडायला लागला. गिऱ्हाइकानं स्वतः राबावं आणि त्याबद्दल आभारही मानावेत, ही कल्पना पुढे आमच्या बँकांनी एटीएमच्या रूपानं उचलली.

मॉडेलं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं कुणी म्हणालं तर मी त्याला १९४२ साल ऐकवतो. त्या साली अमेरिकेच्या नौदलानं शाळकरी मुलांकडून लाखो लाकडी विमानं मागवली. तीही एकास बहात्तर प्रमाणात, आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून. पंखाचं माप चुकलं तर गोळी आपल्याच विमानावर जायची. मुलांनी ते काम केलं. हे सांगितल्यावर आमची ही म्हणते, “त्या मुलांनी निदान नंतर टेबल आवरलं असेल.”

भिसेगावात मात्र या छंदाकडे ‘साहेबाचं खूळ’ म्हणून बघतात. कर्जत स्टेशनला लागून असलेलं आमचं गाव. इथल्या माणसाला वेळापत्रक नावाचं एकच शास्त्र ठाऊक. तरीसुद्धा ज्या घरांतून मला हसतात त्याच घरांच्या अंगणात दिवाळीला काय असतं? किल्ला! विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, उतारावर पेरलेली मोहरी आणि पायथ्याला गुहेत बसलेला वाघ. महाराष्ट्रातलं पोरगं शाळेत नकाशा शिकण्याआधी चिखलात बुरूज शिकतं. आमच्याकडे तर नमुना बघायला पुस्तक नको. राजमाची, ढाक, इर्शाळगड, पेठचा कोथळीगड, सगळे आसपास उभे आहेत.

फक्त या किल्ल्याचं प्रमाण एकास बहात्तर नसतं. ते मानाप्रमाणे असतं. महाराज सगळ्यांत मोठे, मग मावळे, मग तोफा, आणि बुरूज महाराजांच्या कमरेला लागेल एवढा. मी एकदा शेजारच्या मुलाला म्हटलं, “अरे, या हिशेबानं महाराज साठ फूट उंच होतात.” तो म्हणाला, “मग? होतेच.” यावर वाणिज्य पदवीधरानं काय बोलायचं? तुळशीच्या लग्नापर्यंत मोहरी पिवळी पडते आणि किल्ला अंगणात विरघळतो. खरा राजमाची डोंगरावर असतो, म्हणून मुलांना त्याचं काही वाटत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बांधता येतो.

पण याच राजमाचीच्या पायथ्याशी उलटा हिशेब मांडून ठेवलेला आहे. कर्जतहून कोंदिवड्याच्या पुढे गेलं की जंगलात कोंडाण्याची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली. पावसाळ्यात मंडळी तिथे धबधब्याखाली उभी राहतात आणि लेण्याकडे पाठ करून फोटो काढतात. ती एकदा वळली तर त्यांना चैत्याच्या दर्शनी भिंतीवर एक अख्खी वस्ती दिसेल: मजल्यावर मजले, सज्जे, जाळ्या, कठडे, कमानी आणि तुळयांची बाहेर आलेली टोकं. सगळं दगडात, आणि सगळं लहान करून.

आता दगडात खोदलेल्या लेण्याला तुळई कशाला हवी? डोंगर आपण होऊन उभा आहे. त्याला आधार लागत नाही. ती तुळई तिथे आहे कारण त्या काळची खरी घरं, वाडे, विहार लाकडाचे होते, आणि कारागिरानं ते जसेच्या तसे दगडात उतरवले. ती लाकडी घरं आज कुठे आहेत? एकही उभं नाही. पाऊस, वाळवी आणि आग यांनी त्यांचा निकाल कधीच लावला. घाट चढून कार्ल्याला गेलं तर चैत्याच्या छताला त्या काळच्या लाकडी फासळ्या अजून दिसतात. पण अख्खं घर बघायचं तर ते दगडातल्या प्रतिकृतीतच. अस्सल गेलं आणि मॉडेल राहिलं. दोन हजार वर्षांपूर्वी माणूस सज्ज्यात उभा राहून खाली बघायचा तो कसा, हे आज आपल्याला कळतं ते मॉडेलवाल्यांच्या कृपेनं!

आणि या मंडळींपैकी एकानं नावही लिहून ठेवलंय. कोंडाण्याला एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे, की हे कण्हाचा शिष्य बलक यानं केलं. राजाचं नाव नाही, दान दिलेल्या रकमेचा आकडा नाही. गुरूचं नाव आणि स्वतःचं नाव, बस्स. मला हा बलक फार जवळचा वाटतो. त्यालाही घरून कुणीतरी विचारलं असेल, “एवढे दिवस डोंगरात बसून नक्की काय करता?”

कोंडाण्यावरून घाटाकडे बघितलं की रेल्वे दिसते, आणि रेल्वेतही हाच हिशेब चालू आहे. बोरघाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली. सदतीस फुटांत एक फूट चढणारा हा घाट. त्यामुळे गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिनं कर्जतला लागतात, आणि ती लागेपर्यंत प्रवासी वडा खातात. पुढे या मार्गावर स्विस घडणीची विजेची इंजिनं आली. दोन्ही टोकांना लांब नाक, मध्ये केबिन, आणि चाकांना जोडणारे दांडे वाफेच्या इंजिनासारखे बाहेर. वळणावर ती अंगानं वाकायची. स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या भावंडांना ‘मगर’ म्हणतात. आपल्या माणसांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं, कारण नदीत मगर बघण्यापेक्षा ओढ्यात खेकडा पकडण्याचा अनुभव आपल्याला जास्त. ते खेकडे गेले. २०१६ सालापर्यंत मुंबई भागातला जुना १५०० व्होल्टचा डीसी प्रवाहही गेला. एखादा खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात किंवा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे, पण त्याला घाट नाही.

मी पुठ्ठ्याचा खेकडा केला. एकास सत्त्याऐंशी. मूळ इंजिन साधारण वीस मीटर, माझं तेवीस सेंटिमीटर. दांड्यांना मोडक्या छत्रीच्या तारा. कर्जतच्या पावसात पुठ्ठा दोनदा फुगला, तेव्हा वळणावर वाकण्याचा गुण आपोआप आला. घाटही करायचा विचार होता, पण कर्जत ते लोणावळा लोहमार्गानं सुमारे २८ किलोमीटर. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तरी तीनशे मीटरच्या वर जातो, आणि आमची गल्ली तेवढी नाही.

इंजिन बघायला शेजारचे एक काका आले. ते घाटात ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “आकार जमलाय रे. पण हा बोलत नाही.” मग त्यांनी स्वतःच आवाज काढून दाखवला. उभ्या उभ्या कण्हणारा, आजारी म्हशीसारखा. त्यानंतर घाट कुठे जड जायचा, पावसात रुळावर चाक कसं घसरायचं, रेती कधी सोडायची, हे ते तासभर सांगत होते. त्यांचा मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, “बाबा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.” काका म्हणाले, “तुम्ही कधी इंजिन हातात दिलं नाहीत.” त्या दिवशी मी गोंदाची बाटली बंद केली आणि वही काढली.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथे अख्खं गाव आहे, सिग्नल आहेत आणि गाड्या खरोखर धावतात. पोरं काचेला नाक लावून बघतात, हे ठीकच. पण मी तिथे म्हाताऱ्यांकडे बघतो. एखादं इंजिन गेलं की ते शेजारच्या अनोळखी माणसालाही काहीतरी सांगायला लागतात. मोठी वस्तू बघून माणूस गप्प होतो, आणि तीच हातात मावेल एवढी झाली की बोलायला लागतो. माझ्या मते मॉडेलाचा सगळ्यांत मोठा उपयोग हाच. ही गोष्ट ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहायची ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हल्ली मी प्रत्येक मॉडेलच्या पोटाखाली बारीक अक्षरात माझं नाव आणि वर्ष घालतो. बलकाची परंपरा, दुसरं काय! हिनं ते भिंग लावून वाचलं आणि म्हणाली, “करणाऱ्याचं नाव आलं. आता त्याच्याखाली रोज धूळ कोण पुसतं, तेही घाला.” मी विचार केला. इतिहास अर्धवट लिहू नये. पुढच्या जहाजाला दोन ओळींची जागा सोडली आहे.