तळटीप १७ : अंधारी

१७. अंधारी : देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या बालेकिल्ल्याकडे नेणारी, डोंगराच्या पोटातून कोरून काढलेली वळणावळणाची भुयारी वाट. सुमारे २०० मीटर उंचीच्या या डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासलेला असून पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक आहे. त्यामुळे खंदकावरचा अरुंद पूल ओलांडून अंधारीत शिरणे, एवढाच मार्ग उरतो. आतल्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. अंदाजाने पाऊल टाकणारा हमखास ठेचकाळतो. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर विस्तव पेटवून भुयारात धूर कोंडण्याची सोय होती.

याच परिच्छेदातील ‘मिठाची पोती’ हा उल्लेख इ. स. १२९६ च्या वेढ्याचा आहे. अल्लाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते आणि राजा रामदेवराय किल्ल्यात कोंडला गेला. घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, म्हणून त्याला तह करावा लागला, अशी कथा फिरिश्ताने नोंदवली आहे. तो या घटनेनंतर तीन शतकांनी लिहीत होता. तेव्हा ही आख्यायिका समजून वाचावी. लेखकाला अंधारी चढताना ती पोती आठवतात, ती याचसाठी : कडा कितीही तासला, तरी कोठारात दाणा नसेल तर गड टिकत नाही.