हिरवळ-कर्तक, आरूढ : झीज आणि घरगुती दुरुस्ती

आसनावर बसून चालविण्याचे, बहुधा पेट्रोलवर चालणारे, पोटाखाली आडव्या फिरणाऱ्या पात्यांचे पोलादी कवच वागविणारे चारचाकी गवतकाप यंत्र. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, जेथे अनेक ठिकाणी घरासभोवार मोठी हिरवळ राखण्याची वहिवाट आहे, तेथे हे यंत्र मोटारीइतकेच मामुली समजले जाते. आणि त्याचे झिजलेले भाग घरमालकाने स्वतःच, गॅरेजच्या फरशीवर मांडी ठोकून, बदलणे ही तेथील एक रुजलेली गृहविद्या आहे. त्या देशात स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांतही, ज्याने मायदेशी कधी पाना हाती धरला नव्हता अशा गृहस्थाने आयुष्यात प्रथम उघडलेले यंत्र बहुधा हेच असते.

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडातील ग्लॉस्टरशर परगण्यात, स्ट्राउडजवळ, एडविन बडिंग याने तयार केले व १८३० साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावर उठलेले तंतू छाटणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. १९०२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने पेट्रोल इंजिनाचे कर्तक बाजारात आणले. आज रूढ असलेली घडण, म्हणजे पुढे इंजिन, मागे आसन आणि मधोमध पात्यांचे कवच, ही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन उपनगरे पसरली त्या काळात स्थिरावली. १९६१ चे कब कॅडेट व १९६३ चे जॉन डीअर ११० ही तिची सुपरिचित उदाहरणे होत. या घडणीत इंजिनाची शक्ती रबरी पट्ट्यांनी व कप्प्यांनी वाहिली जाते, आणि बहुतेक भाग नट-बोल्टांनीच जोडलेले असतात. घरगुती दुरुस्ती शक्य होते ती या दोन गोष्टींमुळे.

झिजलेला भाग हा पुष्कळदा कार्य असतो आणि त्याचे कारण शेजारच्या भागात दडलेले असते, हे या यंत्राच्या बाबतीत पावलोपावली प्रत्ययास येते. पट्टा तुटला म्हणून नवा आणून चढवावा, महिन्याभरात तोही तुटावा आणि मग मालकाने कारखानदाराच्या नावाने बोटे मोडावीत, हा प्रकार सार्वत्रिक आहे. परंतु तुटलेल्या पट्ट्याची कड जळून काचेसारखी गुळगुळीत झालेली दिसली, तर एखादी कप्पी अडकून पट्टा तिच्यावरून नुसता घासत होता असे समजावे. कप्पी अडकली ती तिच्यातील बेअरिंग कोरडे पडले म्हणून, आणि बेअरिंग कोरडे पडले ते अनेकदा, मालकाने स्वच्छतेच्या हौसेने दर आठवड्यास जोरदार धारेने कवच धुतले व बेअरिंगच्या झाकणीआड पाणी शिरून आतील ग्रीस निघून गेले म्हणून. प्रस्तुत लेखकाच्या मते या विद्येचे निम्मे मर्म असे मागे मागे जाण्यातच आहे.

कामास हात घालण्यापूर्वी किल्ली काढून घ्यावी, स्पार्क प्लगवरील टोपी उपसून बाजूस बांधावी आणि बॅटरीचे ऋण टोक सोडावे. यात हयगय करू नये. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटास १९,००० फुटांहून, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटरांहून, अधिक नसावा अशी अमेरिकन मानकाची मर्यादा आहे, यावरूनच त्या पात्याच्या आवाक्यात हात घालणे म्हणजे काय ते ध्यानी यावे. नुसत्या जॅकवर तोललेल्या यंत्राखाली शिरणे तितकेच घातक होय; खाली भक्कम टेकू हवेतच.

सर्वांत अधिक झीज कवचात होते. ४२ इंची कवचात बहुधा दोन पाती असतात, ४८ इंचीत तीन. पात्याची धार कानशीने मूळच्याच उताराने लावता येते. मात्र धारेमागचा जो पंख वर वळलेला असतो व ज्याच्या वाऱ्याने गवत उभे राहते, तो वाळूच्या माऱ्याने कागदासारखा पातळ झाला असेल तर धार कितीही शाबूत असली तरी ते पाते टाकून द्यावे, कारण तो पंख तुटून गोळीसारखा सुटतो. धार लावल्यावर भिंतीतील खिळ्यावर पाते मधल्या भोकात अडकवावे आणि जी बाजू खाली झुकेल ती थोडी घासावी. तोल नसलेले पाते थोड्याच दिवसांत आपले बेअरिंग खाते. बोल्ट किती आवळावा हे यंत्रागणिक निराळे असते, कुठे ४५ तर कुठे ९० फूट-पौंड, म्हणून त्या त्या यंत्राची पुस्तिका पाहणेच इष्ट.

पाते ज्या उभ्या दांड्यावर फिरते त्याची परीक्षा कानांनी व बोटांनी करावयाची असते. पट्टा उतरवून कप्पी हाताने फिरवावी : निकोप दांडा निमूट, किंचित जड फिरतो, बिघडलेला दांडा जात्यात खडा सापडावा तसा खरखरतो, आणि पाते टोकाला धरून वरखाली हलविले असता त्याचा खेळ हातास स्पष्ट जाणवतो. पुष्कळ यंत्रांत येथे ६२०३ क्रमांकाची दोन बेअरिंगे असतात. या अंकांत एक सोय दडलेली आहे. शेवटचे ०३ म्हणजे १७ मिलिमीटरांचे भोक, आणि ०४ पासून पुढे त्या अंकास पाचाने गुणले की भोकाचे माप मिलिमीटरांत मिळते. बाहेरचा व्यास ४० व जाडी १२ मिलिमीटर ही मापे जगभर एकच असल्यामुळे, आयोवातील खेड्यात जे बेअरिंग मागावयाचे तेच कोल्हापूरच्या दुकानात नुसता क्रमांक सांगून मिळते. नवे बेअरिंग बसविताना ठोका बाहेरच्या कड्यावरच पडेल अशा मापाचा सॉकेट मध्ये धरावा. आतल्या कड्यावर हातोडी मारली की गोळ्यांच्या वाटेवर खाचा पडतात आणि नवा भाग बसवितानाच जुना होतो. दोन बेअरिंगांमध्ये एक साधी नळी असते. ती क्षुल्लक वाटून टाकून दिल्यास नट आवळताच दांडा जखडतो.

पट्टा काढण्यापूर्वी तो कोणत्या कप्पीच्या कोणत्या अंगाने जातो याचा आराखडा कागदावर काढून ठेवावा. मोटारीचा त्याच मापाचा पट्टा स्वस्त मिळतो खरा, पण येथील पट्ट्यास पाठीवरून उलटे वाकावे लागते व प्रसंगी ढिला पडून घसरावेही लागते, आणि त्यासाठी आत अरॅमिड धाग्यांची वीण असलेला पट्टाच टिकतो. येथील किफायत फसवी आहे. कवच पुन्हा टांगल्यावर प्रथम चारही टायरांतील हवा पाहावी, मग पात्यांची टोके मोजावीत : डावी-उजवीत पाव इंचाचाही फरक नको, आणि पुढील टोक मागच्यापेक्षा पाव इंचाच्या आसपास खाली असावे. टायरात हवा कमी असल्यामुळे झालेला तिरपेपणा कवचाच्या टांगण्या फिरवून काढणारे लोक पुष्कळ आहेत, आणि हवा भरताच त्यांची हिरवळ पुन्हा पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते.

इंजिनाच्या तक्रारी बहुतांशी हिवाळ्यानंतर उद्भवतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलात सामान्यतः १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा धरते, आणि टाकीत महिनोन्‌महिने राहिलेले इंधन कार्ब्युरेटरच्या वाटीत चिकट राळ सोडते. इंजिन चोक ओढल्यावर सुरू होते पण चोक सोडताच धापा टाकते, हे मुख्य छिद्र तुंबल्याचे लक्षण. वाटी उतरवून ते छिद्र तारेच्या एका बारीक धाग्याने मोकळे करावे व वाटीचे गास्केट नवे घालावे. तेल पन्नास तासांनी किंवा निदान वर्षातून एकदा बदलणे यास अधिक विवेचन नको.

कारण एकीकडे व खर्च दुसरीकडे होण्याचा सर्वांत बोलका नमुना मात्र पुढील होय. वरच्या झडपांच्या एकनळकांडी इंजिनात, किल्ली फिरविल्यावर इंजिन अर्धा फेरा घेते आणि अडते. मालक बॅटरी बदलतो, मग सोलेनॉइड, मग स्टार्टर, आणि तक्रार जागच्या जागी राहते. वस्तुतः सुरुवातीस दाब थोडा सोडून देण्यासाठी कॅमदांड्यावर जी योजना असते, ती झडपांची फट वाढली की निकामी होते व स्टार्टरला पूर्ण दाबाविरुद्ध झगडावे लागते. म्हणून बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर पैसे काढण्यापूर्वी झडपांचे झाकण काढून फट मोजावी. आतघेऊ झडपेची फट बहुधा इंचाच्या हजारांश भागांत ३ ते ५ इतकी सूक्ष्म असते आणि एका पातळ पट्टीने व दोन पान्यांनी ती पूर्ववत करता येते. तासाभराच्या या कामाने तीन भागांचा खर्च वाचलेला पाहून होणारा आनंद ज्याने अनुभविला, तो पुढे यंत्राकडे निराळ्या आदराने पाहतो.

भाग कोणाचे घ्यावेत याविषयी मालकाच्या मनात धास्ती असते. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस हमी कायद्याने, हमी टिकविण्यासाठी आमच्याच छापाचे भाग विकत घ्या अशी अट कारखानदारास सामान्यतः घालता येत नाही.

या यंत्राची एक दीर्घ परीक्षा ॲल्विन स्ट्रेट या ७३ वर्षांच्या गृहस्थाने केली. दृष्टी मंदावल्यामुळे मोटारीचा परवाना नसलेला हा म्हातारा, पक्षाघात झालेल्या थोरल्या भावास भेटण्यासाठी, १९९४ च्या जुलैत आयोवातील लॉरेन्सहून विस्कॉन्सिनातील माउंट झायनकडे, सुमारे २४० मैल, १९६६ सालच्या जॉन डीअर कर्तकावर बसून, ताशी पाच मैलांच्या वेगाने निघाला. १९९९ चा डेव्हिड लिंच यांचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा चित्रपट याच प्रवासावर आहे. पहिल्या काही मैलांतच, वेस्ट बेंड गावी, यंत्र अडले, आणि ठिणगीचे पॉइंट, कंडेन्सर, प्लग, जनरेटर व स्टार्टर यांच्या बदलीस त्याचे २५० डॉलर खर्ची पडले. मग ते अठ्ठावीस वर्षांचे यंत्र पुन्हा चालू लागले. सहा आठवड्यांनी, भावाचे घर दोन मैलांवर उरले असता, ते आणखी एकदा बंद पडले, आणि वाटेने जाणाऱ्या एका शेतकऱ्याने थांबून ते ढकलीत नेण्यास हात लावला.