बळाची हौस आणि घरचे हसू



वसंत हा संकल्पांचा ऋतू. पाडव्याला गुढी उभी राहते, तोंड वाकडे करून का होईना कडुनिंब खाल्ला जातो, आणि त्याच दिवशी तिरोड्यातला एखादा गृहस्थ मनाशी ठरवतो की, उद्यापासून शरीर कमवायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे तो अंगणात जोर काढायला वाकतो. तिसऱ्या जोराला कंबर धरते. ओसरीवरून आई विचारते, "काय सांडलं रे बापा?" धाकटे पोर घोडा समजून पाठीवर चढते. कुंपणापलीकडून शेजारी म्हणतो, "भाऊ, आता हे वय आहे का?" तेवढ्यात आतून चहाची हाक येते, आणि संकल्पाचा इतिहास बहुधा तेथेच संपतो.

आज मी या इतिहासाचाच थोडा मागोवा घेणार आहे. राज्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. साध्या माणसाने स्वतःसाठी बळ कमावण्याची जी धडपड केली, तिच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. या धडपडीत जे टिकले त्यांना अडचणी नव्हत्या, किंवा त्यांना कोणी हसले नाही, असे समजू नये.

प्राचीन काळी बळ ही खाजगी हौस नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम यांचे वर्णन आहे. खांबावर करावयाच्या श्रमाचाही त्यात उल्लेख येतो. पण त्या मल्लाचे दूधतूप राजाच्या कोठारातून येई. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, तेव्हाही विद्येच्या पाठीशी पेशव्यांचा आश्रय होताच. १८१८ साली पेशवाई गेली. काही संस्थानिकांनी तालमींना आश्रय दिला खरा, पण सामान्य घरच्या तरुणापुढे तेव्हापासून प्रश्न उभा राहिला तो आजतागायत सुटलेला नाही. लढाई नाही, दरबार नाही, मग बळ कोणासाठी कमवायचे? आणि त्यासाठी वेळ कोणाच्या वाट्यातून काढायचा?

या प्रश्नाला एक उत्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिळाले. बाळ गंगाधर टिळक तेथे दाखल झाले तेव्हा अंगाने किरकोळ होते. त्यांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा व्यायामाला, पोहण्याला आणि पचनशक्तीला वाहिले. परीक्षेत त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला, आणि वर्ष बुडाले. आजच्या एखाद्या पालकासमोर मुलाने असे प्रगतिपुस्तक ठेवून पाहावे! नाजूक प्रकृतीच्या सोबत्यांच्या औषधांच्या बाटल्या टिळक बाहेर फेकून देत, असेही सांगतात. ज्याची बाटली फुटली त्याला तो विनोद किती रुचला असेल, हे निराळे. पण पुढे १९०८ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठवण्यात आले. मधुमेह जडलेला, हवा प्रतिकूल, पत्नीचे निधन त्याच काळात झालेले. अशा स्थितीत त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१४ साली ते परत आले. मनोधैर्य तर होतेच. पण कॉलेजातले ते बुडालेले वर्ष मंडालेत उपयोगी पडले, असे मला वाटते.

दुसरे उत्तर एका राजाने दिले, आणि गंमत अशी की, ते अगदी सामान्य माणसाला परवडणारे निघाले. युजेन सँडो नावाच्या बलवान पुरुषाची कीर्ती त्या काळी जगभर पसरली होती. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे आपले बाळासाहेब, यांनी सँडोची साधने आणून कित्येक वर्षे नेमाने व्यायाम केला. पण पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही, जागा माणसाच्या लांबीएवढी पुरते, आणि तो घरातल्या सर्वांना करता येतो. राजेसाहेब स्वतः करीत, राणीसाहेब करीत, संस्थानातल्या शाळांतली मुले करीत. १९२८ मध्ये त्यांनी यावर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि १९३८ मध्ये त्यांची पद्धती विलायतेतही ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ज्याच्या दाराशी पहारेकरी होते त्याने व्यायामासाठी वेगळा महाल बांधला असता तर कोण अडवणार होते? पण त्याने व्यायाम घरात आणला. व्यायामासाठी घर शांत होण्याची वाट पाहणारा माणूस जन्मभर वाटच पाहत बसतो.

तिसरे उत्तर आपल्या विदर्भातले आहे. १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. एकट्याचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो, पण दहा जणांचा सहसा मोडत नाही. कारण न येणाऱ्याची बाकीचे नऊ जण थट्टा करतात! घरी जी थट्टा माणसाला व्यायामापासून परावृत्त करते, तीच आखाड्यात त्याला ओढून आणते. याच मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ आणि व्यायाम जगापुढे दाखवून आले. राजापेठेच्या अलीकडे-पलीकडे खेळणाऱ्या पोरांचे खेळ बर्लिनपर्यंत गेले, ही वऱ्हाडच्या मातीची थोरवी.

आणि खाशाबा जाधव? कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीवर तयार झालेल्या माणसाला गादी नवीन होती. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पदक एकाच्या गळ्यात पडले, पण त्याचा भार अनेकांनी वाहिला. घरातला एक माणूस पहाटे उठतो तेव्हा दुसरे कोणीतरी पाणी भरते, पोरे सांभाळते, डबा करते. व्यायाम करणाऱ्याने हा हिशेब विसरू नये.

आता शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात. १९४५ मध्ये डॉ. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन डॉक्टराने जखमी सैनिकांवरील अनुभवावरून दाखवून दिले की, भार थोडा थोडा वाढवीत गेल्यास दुबळा स्नायू पुन्हा सबळ होतो. १९९० साली तिकडेच नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा भारव्यायाम देण्यात आला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला त्यांच्या पायांचे बळ सरासरी पावणेतीनपट झाले. शेजारच्या काकांना ही बातमी अवश्य सांगावी. जागतिक आरोग्य संघटनाही आता आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाला द्यावेत असे सांगते. हृदयाचा वा सांध्यांचा विकार असेल त्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

येथे कोणी म्हणेल, "आमच्या धानाच्या मुलखात व्यायाम कशाला? रोवणीला वाकलेली बाई दिवसभर व्यायामच करते." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे. श्रमाचे माप काम ठरवते. व्यायामाचे माप आपण ठरवतो. चिखलात दिवसभर वाकल्याने कंबर झिजते. व्यायामात भार बेताबेताने वाढतो आणि मध्ये विश्रांती असते, म्हणून शरीर घडते. रोवणी करून आलेल्या बाईला जोर काढायला सांगणे हा क्रूर विनोद होईल. तिला आधी विसावा आणि पोटभर सकस अन्न द्यावे. दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्या तुम्हाआम्हाला मात्र ही सबब सांगता येणार नाही.

पूर्वी रेल्वेच्या फलाटावर वजनाचे यंत्र असे. नाणे टाकले की जाड कागदाचे तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन मनासारखे नसले की माणूस हळूच तिकीट उलटे करून भविष्य वाची. आपण अजून तेच करतो. आजचा आकडा पाहवत नाही, म्हणून उद्याचा संकल्प वाचीत बसतो. १९५८ च्या 'बटाट्याची चाळ' या पुस्तकातला पु. ल. देशपांड्यांचा 'उपास' वाचताना आपण पोट धरून हसतो, कारण वजन उतरवायला निघालेला तो माणूस आपणच असतो. हसावे, पण हसून झाल्यावर उठावे.

उठावे, हा शब्द मी जाणून वापरला. आपली जेवणे, पूजा, गप्पा पुष्कळ घरी अजून जमिनीवर बसून होतात. जो माणूस भिंतीचा आधार न घेता जमिनीवरून उठतो तो स्वतःच्या घरात स्वतंत्र असतो. ज्या दिवशी ते उठणे सरते, त्या दिवशी तो पंगतीतून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर जातो. मूठभर दंड फुगवण्यासाठी नव्हे, तर हे उठणे सत्तराव्या वर्षीही आपल्या हाती राहावे म्हणून उद्या पहाटे अंगणात वाका.

आई विचारील, "काय सांडलं रे बापा?" तिला सांगा, "थोडे बळ सांडले होते, ते वेचतो आहे." आणि जमल्यास तिलाही हात देऊन शेजारी उभे करा.